येते हं

जव्हारच्या दवाखान्यात मी समुपदेशनाला बसते. माणसं दोन-तीनदा येतात, मग येईनाशी होतात. बरी झाली म्हणून, की जास्तच बिघडलं म्हणून, ते कळत नाही. कागदावर दोघांपुढेही ‘उपचार अर्धवट सोडले’ एवढंच लिहायचं. मला त्या शब्दांची चीड आहे.

खोडाळ्याकडची एक बाई दर मंगळवारी यायची. तिची जाऊ विहिरीत बुडून गेली होती आणि भर दुपारी तिथून हिला हाक मारायची. ही उठून चालू लागायची. एकदा मुलीनं अगदी काठावरून ओढून आणलं होतं. हाक आली तरी ओ द्यायची नाही, बसून राहायचं, असं आमचं ठरलं होतं. जरा उतार पडतोय म्हणेपर्यंत ती यायचीच थांबली. फोनही बंद. शेवटी एका मंगळवारी रजा टाकून खोडाळ्याला उतरले आणि विचारत विचारत तिचा पाडा गाठला.

ती अंगणात नागली पाखडत होती. अंगानं भरली होती. माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच रागच आला. का आली नाहीस म्हणून मी जवळजवळ भांडलेच.

ती गोंधळली. “मॅडम, तूच तं बोललीस, येते म्हणून.”

दवाखान्यातल्या तिच्या शेवटच्या खेपेला एसटीच्या घाईत मीच आधी उठले होते, आणि निघताना आपण म्हणतो तसं ‘येते हं’ म्हणाले होते. तिच्या घरात मराठी बोलत नाहीत. तिनं शब्द खरा धरला.

“पण मी आले कुठं?” मी म्हटलं.

“येतेस ना. दर मंगळवारी.”

पडवीत पाट मांडलेला होता. पुढ्यात कोरा चहा, निवलेला. हाक अजून येते, ती सांगत होती, पण तू ओ देऊ नको म्हणतेस, मग मी बसते. मी पाटाकडे वळले तर तिनं माझा हात धरला.

“तिथं नको. तिथं तू बसलीस.”

मी जमिनीवर बसले. हिला बरी म्हणावं की नाही, मला आजही सांगता येत नाही.

निघताना तोंडातला शब्द मी मुद्दाम गिळला आणि नुसतीच उठले. तिचा चेहरा उतरला. मान हळूहळू विहिरीकडे वळली.

दारात उभी असलेली तिची मुलगी म्हणाली, “येते म्हण, मॅडम.”

मी पाटाकडे बघून म्हणाले, “येते हं.” तेव्हा कुठं तिनं विहिरीकडची मान फिरवली.