चिंचेनं घासलेलं नाणं

ऐंशी सालच्या आसपास मी नोकरीसाठी रोज बसनं नाशिकरोडला जायचे. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातले एक काका बहुतेक शेजारीच बसत. खिशातून चष्म्याचं जुनं घर काढायचे आणि त्यातलं एखादं काळपट नाणं तळहातावर ठेवून दाखवायचे.

नाणी जर्मनीची. पहिल्या महायुद्धात तिथं चिल्लर मिळेना, तेव्हा गावोगावच्या कारखान्यांनी कामगारांसाठी स्वतःचीच नाणी पाडली. तिथला एक पत्रमित्र ती काकांना पाठवायचा. प्रत्येक नाण्याला चिठ्ठी गुंडाळलेली. तिच्यावर गाव, कारखाना आणि धातू.

एकदा आईला दाखवायला मी एक लोखंडी नाणं घरी नेलं. सकाळी बघते तर देवाच्या भांड्यांबरोबर आईनं तेही चिंचेनं घासलेलं! जुनं नाणं घासायचं नसतं, त्याचं मोल जातं, हे काकांनी दहादा सांगितलं होतं. आईला सांगायचं मीच विसरले.

बसमध्ये काका त्यावरून नुसता अंगठा फिरवत राहिले. द्वारकेचा थांबा आला तेव्हा म्हणाले, "इतक्या वर्षांत एवढ्या मायेनं याला कुणी हात लावला नसेल. आईंचं नाव काय, ताई?"

मी सांगितलं. हलत्या बसमध्ये त्यांनी ते पेन्सिलीनं चिठ्ठीवर, कारखान्याच्या खाली, सावकाश लिहिलं.

रेशनकार्ड सोडलं तर आईचं नाव कुठं लिहिलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. काकांचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं.