आधी येतं काय, ते सांगा

उजवा तळहात उघडा करून सर तो समोरच्यापुढं धरायचे, प्रसाद मागितल्यासारखा, आणि म्हणायचे, "हां गुरुजी. आधी येतं काय, ते सांगा."

उत्तर मिळेपर्यंत तो हात खाली जायचा नाही. कुंभार पिंपळगावच्या शाळेत आमचं प्रशिक्षण चाललं होतं, तेव्हा एका गुरुजींना काही सुचेचना, तर सरांचा हात पाच मिनिटं तसाच. आम्ही मागच्या रांगेत तोंडावर रुमाल धरून हसत होतो. आपली पाळी येईल हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात नसतं.

नव्वदच्या दशकात गावोगाव साक्षरतेचे वर्ग निघाले. ते कसे चालवायचे, हे आम्हा प्राथमिक शिक्षकांना शिकवायला सर यायचे. आष्टीकडच्या एका शाळेचे मुख्याध्यापक, राहायला वडीगोद्रीला, जायचं-यायचं एसटीनं. मोठ्या माणसाला शिकवायचं म्हणजे लहानांसारखंच, फक्त छडीशिवाय, अशी आमची समजूत. सरांनी प्रत्येकाला एक कोरी वही दिली. शिकणाऱ्या प्रत्येकाला एक पान आणि प्रत्येक पानावर एकच मथळा : काय येतं. 'काय येत नाही' याला त्या वहीत जागाच नव्हती. कुणी तसं लिहिलंच, तर सर ते पान फाडायचे, घडी घालायचे आणि लिहिणाऱ्याच्या खिशात ठेवून द्यायचे.

त्यांचा दुसरा नेम याहून जाचक होता. ज्याला अक्षरं शिकवायची, त्याच्याकडून आधी आपण एक काम शिकायचं. आमच्यातले एक गुरुजी दोन दिवस मेंढ्या ओळखायला शिकले आणि तरी दुसऱ्याचीच मेंढी धरून आणली. "आता कळलं ना," सर म्हणाले, "त्या मेंढपाळाला समदी अक्षरं सारखी का दिसत्यात?" आम्ही हसलो. पण ते गुरुजी पुढं त्या मेंढपाळावर कधी खेकसले नाहीत, हेही आम्ही पाहिलं.

आता माझी गोष्ट. माझ्या गावच्या निरक्षरांची यादी मी मोठ्या झोकात सरांपुढं ठेवली. सर गावात एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "कडंच्या घरातली पोरगी यादीत न्हाई."

"ती मुकी आहे सर. ऐकूही येत नाही. गावात तिला मुकीच म्हणतात."

"नाव तर असंल की तिला."

मला माहीत नव्हतं. तीन वर्षं मी त्याच गल्लीत राहत होतो. तिच्या आईनं सांगितलं, कौशल्या. वय असेल अठरा-एकोणीस.

"मंग उद्या हिच्यासंगं कामाला जा गुरुजी," सर म्हणाले.

कौशल्या कपाशीच्या सीड प्लॉटवर, म्हणजे बियाण्यासाठी राखलेल्या शेतात, जायची. तिथं कपाशीची कळी उमलायच्या आत नखानं सोलायची आणि आतली परागाची भुकटी काढून टाकायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी तिच्यावर दुसऱ्या वाणाचं फूल फिरवता येतं. मधला दांडा मात्र मोडता कामा नये. कौशल्याची बोटं एका तासात शंभरेक कळ्या सोलायची. मी पहिल्या सातही मोडल्या. आठवी मोडली तेव्हा ती खदाखदा हसली, आणि तिचं हसू ऐकून बाकीच्या बायका थबकल्या. तिचा आवाज त्यांनी क्वचितच ऐकला असावा.

त्या दिवसापासून तिच्या हातवाऱ्यांत माझ्या नावाची खूण ठरली : दोन बोटांनी कळी मोडायची. सरांची खूण उघडा तळहात. मला माझ्या खुणेचा राग यायचा.

दोन महिने मी तिला शिकवलं आणि कंटाळलो. "सर, हिचं राहू द्या," मी म्हणालो, "बाकीच्यांचा वेळ जातो." सरांनी तळहात पुढं केला. मी वही मिटली. मग दर रविवारी ते स्वतःच वडीगोद्रीहून दोन एसट्या बदलून यायला लागले. काम माझं होतं, घाम ते गाळत होते, आणि मी बराबर त्याच वेळी बाजाराला जायचो. दिवाळीच्या सुमारास कौशल्यानं शाळेच्या भिंतीवर कोळशानं आपलं नाव लिहिलं. वर्षभरात ती चिठ्ठ्या लिहायला लागली. सरांनी त्याबद्दल मला कधी टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

वर्षं गेली. सर निवृत्त झाले, आणि काही दिवसांनी त्यांना लकवा मारल्याचं कळलं. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आम्ही तिघं शिक्षक भेटायला गेलो. त्यांच्या मुलाचं हायवेला टायरचं दुकान. तो म्हणाला, "अण्णांला आता काईच कळंना. बिलकुल काई न्हाई." सर छताकडं बघत होते. आम्ही वीस मिनिटं बसलो, चहा घेतला, उठलो. स्टँडवर मी म्हणालो, "सरांना आता काहीच येत नाही हो."

तिघंही त्यांच्याच हाताखाली शिकलेलो. त्या वाक्यावर एकालाही ठेच लागली नाही.

कौशल्याला मी पाटीवर लिहून सांगितलं. तिनं खाली लिहिलं, "मला न्या." टाळाटाळ करून थकलो, मग नेलं.

ती सरळ खाटेजवळ खाली बसली आणि तिनं सरांसमोर उघडा तळहात धरला. सरांची नजर छतावरून खाली आली. पांघरुणातून डावा हात सावकाश बाहेर आला आणि उघडला. मग तिनं नखानं कळी सोलल्यासारखं केलं, कामाला जाते म्हणून. सरांनी मान हलवली. पुढं तासभर दोघांचं बोलणं चाललं होतं. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, दाराला धरून उभ्या होत्या.

"आमी चार म्हैने त्यांच्याशी नुसतं मोठ्यानं बोलून राह्यलो," त्या म्हणाल्या. "हातानं कुणीच न्हाई बोललं."

कौशल्यानं माझ्याकडून कागद मागून घेतला. वर मथळा लिहिला : काय येतं. खाली वाकड्यातिकड्या ओळी : हसतात. पाणी मागतात. उशी बदला म्हणतात. मला ओळखतात. काकूंनी तो कागद खाटेमागच्या भिंतीवर चिकटवला.

निघताना सरांनी माझ्याकडं बघून डाव्या हाताची दोन बोटं मोडल्यासारखी केली. कळी. मी हसलो. म्हणालो, "येतो सर, पुढच्या रविवारी."

गेलो नाही. परीक्षा होत्या, मग तपासणी, मग लग्नसराई. ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही पुरेसं नाही. त्या उघड्या हातापुढं बसायची मला भीती वाटत होती. कौशल्या मात्र दर रविवारी एकटीच जायची, दोन एसट्या बदलून.

अडीच महिन्यांनी सर गेले. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. खाट उभी करून भिंतीला टेकवली होती. काकू म्हणाल्या, "रोज दुपारची एसटी आली की दाराकडं बघून असं करायचे." आणि त्यांनी दोन बोटं मोडून दाखवली. "कोणाला म्हणतेत, आमाला काई कळंना. मंग कौशल्या आल्ती तवा तिनं लिवून सांगितलं."

कागद भिंतीवर होता. ओळी वाढत वाढत तळाला पोचल्या होत्या. शेवटची ओळ कौशल्याच्याच अक्षरात होती : गुरुजींची वाट बघतात.

मी कागद वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. मी आलो नाही, हे त्यावर कुठंच लिहिलेलं नव्हतं.