कानवाल्याने लावलेला आवाज

ऑफिसात तिला सगळे रीस्टार्टबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं. कुणाचा कॉम्प्युटर अडला आणि फोन आला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "बंद करून चालू केलात का?" पुष्कळदा तेवढ्यावर भागायचं. नाही भागलं तर ती पिशवी खांद्याला अडकवून जिने उतरायची. लिफ्टची वाट बघत उभं राहणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

शेजारच्या टेबलावर फाईलवाला बसे. जुन्या फायली सांभाळणं हे त्याचं काम आणि तिची थट्टा करणं हा विरंगुळा.

"बाई, एकदा माझीही आतून यादी काढा की. डॉक्टरांना काही सापडत नाही."

"तुमची यादी चहापासून सुरू होईल आणि चहापाशीच संपेल."

याद्या काढणं ही मात्र तिची खरी हातोटी. कॉम्प्युटरच्या पोटात रजिस्ट्री नावाचं एक कपाट असतं. कुठला प्रोग्राम कुठे बसला आहे, त्याला कसं वागायचं सांगून ठेवलं आहे, ते सगळं त्यात. कपाटात कप्पे, कप्प्यांत कप्पे, त्यांच्याही आत कप्पे. आणि कप्प्याकप्प्यात नाव लावून ठेवलेल्या व्हॅल्यू, म्हणजे कुठे आकडे, कुठे शब्द. हाताने एकेक उघडत बसलं तर दिवस पुरायचा नाही, शिवाय बोट घसरलं की अख्खा कप्पा पुसला जायचा. म्हणून तिने फार पूर्वीच पायथन नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. स्क्रिप्टला सांगायचं, या कप्प्यापाशी उभी राहा, आतला एकेक कप्पा उघड, त्यात जे असेल ते वाचून दाखव, आणि त्याच्याही आत कप्पे असतील तर तिथे पुन्हा हेच कर. नुसतं वाचायचं, हात लावायचा नाही. दर महिन्याला ती ही स्क्रिप्ट सगळ्या मजल्यांवर फिरवी आणि कुणी चोरून कोणता खेळ टाकला आहे ते तिला बसल्या जागी कळे. या स्क्रिप्टने तिला कधी दगा दिला नव्हता.

घरी ती आणि सासूबाई, दोघीच. तिचा नवरा जाऊन दुसरं वर्ष लागलं होतं.

त्याला सारी गल्ली कानवाला म्हणे. कमी ऐकू येणाऱ्यांची यंत्रं दुरुस्त करण्याचं त्याचं दुकान होतं. आईच्या यंत्रात मात्र त्याने नुसती दुरुस्ती केली नव्हती, जीव ओतला होता. काडेपेटीएवढी डबी गाऊनच्या खिशात, तिथून कानापर्यंत बारीक तार. कुठला आवाज किती मोठा करायचा हे डबीला शिकवायला त्याने घरीच एक प्रोग्राम लिहिला होता. रविवारी आईला खुर्चीत बसवायचा, डबी कॉम्प्युटरला जोडायचा आणि दोघांची जुगलबंदी सुरू व्हायची.

"आता कसं वाटतंय, आई?"

"तुझ्या बायकोचं सगळं ऐकू येतंय. तुझं काही नाही."

"मग अगदी बरोबर लागलंय."

तो गेल्यावर घरात फार काही उरलं नाही. उरल्या त्या संध्याकाळच्या गप्पा. ती ऑफिसातून आली की आई चहाचं आधण ठेवत आणि विचारत, "हं, आज कोणाचं काय अडलं?" मग ती फाईलवाल्याच्या नकला करी, साहेबांनी कीबोर्डवर चहा सांडून मांजरावर आळ कसा घेतला ते सांगे, आणि आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. एखाद्या संध्याकाळी बोलता बोलता कानवाल्याचा विषय निघे. कधी निघत नसे; पण न निघताही तो तिथेच कुठेतरी बसलेला असे.

मग एक दिवस डबी गाऊनबरोबर धुलाईच्या यंत्रात गेली. बाहेर आली ती मुकी होऊन.

कानवाल्याच्या कपाटात तशीच दुसरी डबी होती, कोरी. तिने ती आईंना घेऊन बाजारातल्या एका दुकानात नेली. तिथल्या माणसाने आईंच्या कानाची तपासणी केली, आलेख काढला, आणि नियमाप्रमाणे डबी लावून दिली. माणूस सज्जन होता, कामात कसूर नव्हती. आईंनी घरी येऊन डबी कानाला लावली, स्वयंपाकघरात एक ताट पडलं, आणि त्यांनी तार कानातून उपटून काढली.

"डोक्यात कुणी ताशा वाजवतंय असं होतंय. आणि तू बोलतेस ती डब्यात तोंड घालून. मला माझ्या लेकाने लावलेला आवाज दे, नाहीतर राहू दे."

राहू दे म्हणाल्या आणि खरंच राहू दिलं. डबी टेबलावर पडून राहिली. घरात पाटी आली. ती पाटीवर लिही, 'भाजी कोणती करू?' आई बोटाने दाखवत. साहेबांचं मांजर काही पाटीवर मावत नव्हतं. संध्याकाळी दोघी समोरासमोर बसत, चहा संपे, आणि आई खिडकीकडे तोंड करत. नवरा गेला तेव्हाही घर एवढं गप्प झालं नव्हतं, असं तिला वाटे. आणि वाटल्याबरोबर त्याच्याशी बेइमानी केल्यासारखं होई.

त्याचे आकडे सापडले तर सगळं पूर्ववत होणार होतं. त्याचा प्रोग्राम तिने आपल्या लॅपटॉपवर घेतला होता, तो चालतही होता, पण कोऱ्या पाटीसारखा. आकडे होते ते त्याच्या जुन्या कॉम्प्युटरच्या रजिस्ट्रीत. त्या कॉम्प्युटरचा पडदा कधीच काळा पडला होता, आणि डिस्क अशी खरखरे की आज आहे, उद्या नाही.

एका रविवारी जेवणं झाल्यावर तिने तो कॉम्प्युटर तारेने लॅपटॉपला जोडला. हाताने कपाट उघडायचा तिचा धीर होईना. एकच प्रत, आणि तीही त्याच्या हातची. बोट घसरलं तर पुन्हा मागायचं कुणाकडे? स्क्रिप्ट बरी. तिने तिला त्याच्या प्रोग्रामच्या कप्प्यापाशी उभं केलं आणि चालू केलं.

ओळी उतरू लागल्या. खिडकी पडद्यावर कुठे होती. अक्षरं केवढी होती. शेवटची फाईल कोणती उघडली होती. पाठीमागचा रंग हिरवा. आणि संपलं. आवाजाचा एकही आकडा नाही.

तिने पुन्हा चालवली. पुन्हा खिडकी, पुन्हा अक्षरं, पुन्हा हिरवा रंग. तिसऱ्यांदा चालवताना तिला कळत होतं की आपण हे शोधण्यासाठी करत नाही आहोत. त्याला हिरवा रंग आवडायचा, तो नुसता पुन्हा वाचतो आहोत. म्हणजे त्याने आकडे जपून ठेवलेच नव्हते. सगळं त्या डबीत होतं, आणि डबी तिने साबणाच्या पाण्यात घातली होती.

आई दारात येऊन उभ्या होत्या. "सापडलं?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"कुठे शोधतेयस?"

तिने पाटी ओढून लिहिलं, 'त्याच्या कप्प्याच्या आतले सगळे कप्पे. एकूण एक.'

आईंनी पाटी डोळ्यांजवळ धरून वाचली आणि त्यांना हसू आलं, खूप दिवसांनी. "आत? अगं, त्याने जन्मात कधी काही आत ठेवलंय का? आला की दारातच. बूट दारात, पिशवी दारात, किल्ल्या दारात. त्या सामानाला अडखळून मी किती वेळा पडता पडता वाचलेय. आणि तू लग्नानंतर महिनाभर त्याचे मोजे कपाटात शोधत होतीस, आठवतं? काखेत कळसा नि गावाला वळसा."

ती हसायला गेली आणि मधेच थांबली. मग लॅपटॉपकडे वळली आणि आपणच लिहिलेल्या ओळी पहिल्यांदा वाचाव्यात तशा वाचू लागली. आतला एकेक कप्पा उघड, त्यातलं वाचून दाखव. आतला. ज्या कप्प्यापाशी उभं करायचं, खुद्द त्या कप्प्यात काय आहे ते वाचायला तिने स्क्रिप्टला कधी सांगितलंच नव्हतं. ऑफिसात ती जिथून सुरुवात करी तो वरचा कप्पा नेहमी रिकामा असे, सारा माल आतल्या कप्प्यांत. त्यामुळे इतकी वर्षं काही बिघडलं नव्हतं, आणि बिघडलं नाही म्हणून कळलंही नव्हतं. नीटनेटक्या लोकांसाठी लिहिलेली स्क्रिप्ट ती कानवाल्याच्या दारात घेऊन गेली होती.

तिने वाचण्याची ओळ उचलून वर आणली: आधी आहेस तिथलं वाच, मग आत जा. चालू केलं. डिस्क खरखरली, थांबली, पुन्हा खरखरली.

सगळं दारातच पडलं होतं.

दुकानातल्या माणसाने आवाजाच्या उंच-खालच्या पट्ट्यांना नियमाप्रमाणे आकड्यांची नावं दिली होती. कानवाल्याने आपल्या घराची दिली होती. भांडी. नळ. पंखा. दार. रस्ता. मी. ही. भांडी अगदी तळाला नेऊन ठेवलेली, पंखा जवळजवळ बंद. 'मी' मध्यम. सगळ्यांत वर होती ती 'ही'.

नवरा चारचौघांत तिचं नाव घेत नसे. 'ही म्हणाली', 'हिला विचारतो', असंच त्याचं बोलणं. ती पडद्यावरच्या त्या एका अक्षराकडे बघत राहिली. तो गेल्यापासून तिला कुणी 'ही' म्हटलं नव्हतं.

मग तिने आकडे एकेक करून लॅपटॉपवरच्या प्रोग्राममध्ये भरले, टेबलावर पडलेली डबी जोडली, आकडे तिच्यात उतरवले आणि तार आईंच्या कानाला लावली.

तिने मुद्दाम जाऊन ताट ओट्यावर आपटलं. आईंनी भुवईसुद्धा हलवली नाही.

"हाच," त्या म्हणाल्या. "हाच गं. तो खोलीत आल्यासारखं वाटलं." मग म्हणाल्या, "बोल बघू काहीतरी."

"काय बोलू?"

"जरा लांबून येतोय तुझा आवाज. पलीकडच्या खोलीतून बोलतेस असं वाटतं."

"नाही आई, हाच आकडा होता. त्यानेच ठेवलेला. मी एकही बदलला नाही."

"बदलला नाहीस ते कळलं. पण माझे कान कुठे तेच राहिलेत? तो दर थोड्या दिवसांनी तुझा आवाज एक काडी चढवायचा. म्हणायचा, आई, तुझी सून हळू बोलायला लागलीय. मी म्हणायचे, सून नाही रे बाबा, मी म्हातारी व्हायला लागलेय." त्यांनी हात पुढे करून लॅपटॉपकडे बोट दाखवलं. "चढव."

तिने 'ही'पुढचा आकडा एकाने वाढवला. प्रोग्रामने विचारलं, जुनी व्हॅल्यू बदलायची का? तिचं बोट तिथेच राहिलं.

"काय झालं?"

"त्याने ठेवलेला आकडा जाईल यातून."

"त्याच्या कॉम्प्युटरात आहे ना?"

"आहे. पण ती डिस्क काही फार दिवस टिकायची नाही."

आईंनी कानातली तार चाचपली, नीट बसवली. "त्याचा आकडा जपून ठेवायचा आणि मी पाटी वाचत बसायचं? तो असता तर एव्हाना दोनदा चढवला असता."

तिने होय म्हटलं. मग आणखी एकदा चढवला, पुन्हा विचारलं गेलं, पुन्हा होय म्हटलं. त्याचा आकडा आता पडद्यावर नव्हता. ऐकू यायला लागलं की आईंचा चेहरा सैल होत असे, कपाळापासून खाली, तसा तो झाला.

"हं," खुर्चीत मागे रेलत त्या म्हणाल्या. "किती दिवसांचं साचलंय कोण जाणे. कोणाकोणाचं काय काय अडलं?"

ती लॅपटॉप मिटून त्यांच्या जवळ सरकली. फाईलवाल्यापासून सुरुवात करावी असं तिने ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"आई, त्याने माझं नाव 'ही' ठेवलं होतं तिथे."

"मग काय ठेवणार होता?" आई म्हणाल्या. "सांग आता. सावकाश सांग."