कोपऱ्यातलं नाव

घाटकोपरच्या श्यामकांत गुप्तेने आयुष्यात नाशिकपलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. पण पॅरिसहून व्हिएन्नाला मोटारीने कसं जायचं, ते त्यालाच विचारावं. दिवसभर तो कचेरीत नकाशे गिरवायचा आणि घरी आला की रद्दीतून मिळवलेले युरोपचे नकाशे पालथे घालायचा. बायको उत्तरा शेजारणींना सांगायची, यांना भाजीबाजार सापडत नाही, आल्प्सचे घाट मात्र तोंडपाठ.

जायला मिळालं ते मावसभावाला, बाळला. दोघं शाळेत एका बाकावर होते. बाळने गणितं उतरवली ती श्यामकांतची, आणि इंजिनियर झाला तो बाळच. आता ट्रॉम्ब्याच्या अणुकेंद्रातून त्याला सहा महिने पॅरिसला धाडत होते. तिथे मधे सुट्टी मिळाली की मित्रांबरोबर मोटारीने व्हिएन्ना गाठायचा त्याचा बेत होता.

"श्यामा, रस्ता तूच आखून दे रे. तुझ्याइतकं कुणाला कळतंय?"

श्यामकांतच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं जपलेली व्हिएन्ना आता हा बघणार. म्युनिकवरून सरळ, सोपा रस्ता होता, तो त्याने मुद्दाम गाळला आणि डोंगरातला वळणावळणाचा घाट आखला. तापू दे गाडी, बसू दे ओकत. हात मात्र लबाडी शिकला नव्हता. एकेक वळण, पूल, पेट्रोलचं गाव चोख उतरलं. कचेरीच्या शिरस्त्याने नकाशाच्या खालच्या कोपऱ्यातल्या चौकोनात गिरवणाऱ्याचं नाव लागतं. पुढे गाडीतल्यांच्या शिव्या आपल्या नावाने नकोत म्हणून त्याने जन्मात पहिल्यांदा तो चौकोन कोरा ठेवला. निघताना उत्तराने बाळच्या हातावर दही घातलं, श्यामकांतने नकाशा दिला.

चार महिन्यांनी पत्र आलं. उत्तरा मोठ्याने वाचत होती. तो घाट म्हणजे स्वर्ग, माझे फ्रेंच मित्र तर खुळावलेच, असं बाळने लिहिलं होतं. पुढे ती जरा अडखळली.

"नकाशा कुणी काढला असं ते विचारत होते. कोपऱ्यात नाव नव्हतं, म्हणून मीच काढला म्हणून सांगितलं. रागावू नकोस. त्यांनी तो चौकटीत घालून भिंतीवर लावलाय."

श्यामकांतने पत्र ओढून घेतलं आणि तेवढंच पुन्हा वाचलं. पुन्हा गणित त्याचं आणि मार्क बाळचे.

"तुम्ही नाव कसं नाही घातलंत?" उत्तराने विचारलं. "तुम्ही तर वाण्याच्या यादीखालीसुद्धा घालता."

त्याने पत्राची घडी घालून ते पाकिटात सारलं. नावाचं कारण सांगायचं, तर आधी घाटाचं सांगावं लागलं असतं.