सुनेचं घड्याळ

अनारकुल ही आमच्या शेजारच्या सायराकानची सून. आमच्या दोन अंगणांमध्ये लाकडी कुंपण आहे आणि त्यातली एक फळी सैल आहे. ती मी मुद्दाम ठोकून घेत नाही असं सायराकान गावभर सांगते. सांगू दे. आमच्या कोचकोर गावचा हिवाळा लांबलचक असतो, माणसाने नुसतं चुलीकडे तरी किती बघायचं?

त्या फळीतून दिसणारी अनारकुल म्हणजे डोक्याला घट्ट रुमाल, नजर खाली, हातात बादली. उजाडताच गायीची धार, मग चहा, मग सासूच्या हाकेला ‘आले, अपा’ अशी ओ. नवरा तिलेक बिश्केकच्या रस्त्यावर प्रवासी गाडी चालवतो. घरी असला की झोपलेला असतो. अशी सून कोणालाही आवडावी. पण हीच सून रविवारी दुपारी सांस्कृतिक भवनात बुद्धिबळाच्या पटासमोर बसली की नजर वर यायची. समोरच्याचा घोडा उचलून बाजूला ठेवताना तिच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मी फक्त आमच्या मांजरीच्या तोंडावर पाहिलंय, तेही मलईचं भांडं उघडं राहिल्यावर.

लग्नाआधी ती शाळेकडून खेळायची, बक्षिसंही आणायची. लग्न झालं आणि पट पेटीत गेला. भवनात रविवारचा क्लब निघाला तेव्हा तिने तो बाहेर काढला. सायराकान कुरकुरली, पण क्लबात सगळे आपलेच लोक, म्हणून गप्प बसली. यंदा नारिनच्या स्पर्धेला कोचकोरमधून एक खेळाडू पाठवायचं ठरलं आणि भानगड सुरू झाली. कारण प्रत्येकाला प्रत्येकाशी दोन डाव खेळायचे होते, आणि क्लबात सोपुबेक आजोबा होते.

आजोबा म्हणजे अनारकुलच्या सासऱ्यांचे थोरले चुलतभाऊ, घराण्यातली सगळ्यात पांढरी दाढी. सून त्यांचं नावसुद्धा घेत नाही, ‘थोरले आजोबा’ म्हणते. ते आले की उठायचं, कमरेत वाकून सलाम करायचा, ते आशीर्वाद देतात तो पुरा ऐकायचा, ते टेकले की मग आपण टेकायचं. कोणी शिकवावं लागत नाही, पाय आपोआप उठतात. आता यात बुद्धिबळाचं घड्याळ घाला.

पहिला डाव मी स्वतः पाहिला. आजोबा मोहरा हलवायचे, घड्याळाची कळ दाबायचे आणि जिभेखालचा नस्वाय तंबाखू थुंकायला बाहेर जायचे. वेळ अनारकुलचा चालू. ती विचारात बुडाली की हे परत दारात हजर. ती ताडकन उभी, खुर्चीपासून बाजूला, त्यांच्याकडे तोंड करून सलाम. आजोबा मग सावकाश: “देव भलं करो सूनबाई, पोरं होवोत, गुरं वाढोत, चुलीतला विस्तव कधी न विझो.” मग कोट काढायचे. मग खुर्ची हलवायचे. मग बसायचे. मग ती बसायची आणि कुठवर विचार आला होता ते शोधायची. तोवर पुढची चाल व्हायची आणि आजोबांच्या तोंडात नवी चिमूट.

अनारकुलकडे अख्खा हत्ती जास्त होता. मात दोन पावलांवर आली होती. आणि पंच एमिलने, आमच्या शाळेत व्यायाम शिकवणाऱ्या मास्तरने, मान खाली घालून सांगितलं, “वेळ संपला. डाव आजोबांचा.”

दुसऱ्या दिवशी आजोबा माझ्या भट्टीवर पाव विकत न्यायला आले तेव्हा मी विचारलं, “आजोबा, काल पोट बरं नव्हतं का? फार आत-बाहेर चाललं होतं.”

“नस्वाय जरा कडक निघाला, पोरी.”

“तो नेमका तिच्या वेळातच कडक निघायचा.”

त्यांनी दाढीवरून हात फिरवला. “सून मान देते. मी काय नको म्हणू? शोभेल का मला?”

मी पाव दिला. जरा करपलेलाच निवडून दिला.

त्याच आठवड्यात अनारकुल पट घेऊन माझ्या दारात आली. “एजे, हा ठेवून घ्या. कोणी मागितला तर देऊन टाका.”

“मी यावर शेवया कापीन हं.”

“कापा.”

“अगं, एक डाव गेला म्हणून?”

ती उंबऱ्यावर टेकली. “डाव गेला त्याचं काही नाही. खेळायचं तर उठायचं नाही, आणि उठायचं नाही तर त्या घरात तोंड कसं दाखवायचं? अपा आधीच म्हणतात, गाय सोडून लाकडाचे घोडे काय हाकतेस. नकोच ते. सोडते.”

मला तिला चार गोष्टी समजावता आल्या असत्या. पण शहाणपण सांगायला लागले की मलाच जांभई येते. मी पट फडताळावर ठेवला. शेवया कापल्या नाहीत.

पुढे माझ्या नातवाला पाळण्यात घालायचा समारंभ आला. आदल्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या बायका माझ्या अंगणात बोरसोक तळायला जमल्या. कढईत पिठाचे तुकडे फुगत होते, त्यांच्याबरोबर गप्पाही. सायराकान झारा हातात घेऊन राणीसारखी उभी होती. कोणीतरी बुद्धिबळाचा विषय काढला, आणि मला वाटलं आता सुनेची सालटं निघणार.

उलटंच झालं. सायराकान म्हणाली, “माझ्या सुनेला वळण आहे हो. जिंकता येत होतं, पण थोरल्यांना जिंकू दिलं. अशी हरली की कोणाला कळलंसुद्धा नाही.”

“शाबास गं,” कोपऱ्यातली म्हातारी बुबुश म्हणाली. “हरावं तर असं.”

“माझी सून असती तर मारलेला हत्ती दाखवायला घरी घेऊन आली असती,” आणखी एक म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

अनारकुल पीठ लाटत होती. तिचं लाटणं थांबलं.

“मी मुद्दाम नाही हरले, अपा,” ती म्हणाली.

“असू दे गं, कळतं आम्हाला.”

“नाही कळलेलं. मी जिंकत होते. माझा वेळ खाल्ला गेला.”

सायराकानने झारा आपटला. “घरचं उणं बाहेर काढू नये, सूनबाई.”

“मग घरचं खोटंही बाहेर काढू नये, अपा.” आवाज चढला नव्हता. उरलेलं पीठ तिने लाटून संपवलं, हात पुसले, आणि माझ्याकडे वळली. “एजे, माझा पट द्या.”

मी इतक्या लगबगीने आत गेले की चूल पेटलेली आहे हेही विसरले. एक घाणा कोळसा झाला.

बाकी सगळ्यांना दोघांनीही हरवलं होतं, फक्त आजोबांनी मध्ये एका सुताराशी बरोबरी करून ठेवली होती. म्हणजे दुसरा डाव अनारकुलने घेतला तर नारिनला ती, नाहीतर ते. रविवारी सकाळी फळीतून सायराकानचा आवाज ऐकू आला: “जायचंच असेल तर जा. पण अदब सोडलीस तर या अंगणात पाय ठेवू नकोस.”

“नाही सोडणार, अपा.”

भवनात त्या दिवशी लग्नाला नसते एवढी गर्दी. आजोबा आले, सगळे उठले, सगळे बसले. अनारकुलने सलाम केला, आपली खुर्ची उचलली, भिंतीला लावली आणि पटापाशी उभी राहिली.

एमिल म्हणाला, “बस ना.”

“बसलंच पाहिजे असा नियम आहे?”

“तसा नाही.”

“मग सुरू करा.”

आजोबांनी भुवया उचलल्या. “सूनबाई, बस, पाय दुखतील.”

“तुमच्यासमोर मी कशी बसू, थोरले आजोबा? दिवसभर उभीच असते, सवय आहे.”

मागून बुबुश म्हातारी खुदकन हसली. इतका मान कोणत्या सुनेने दिलाय?

पहिल्या काही चाली झाल्या, आजोबा बाहेर गेले, आले. ती उभीच होती. छातीवर हात, जागच्या जागी वाकली, झालं. ते आशीर्वाद देऊ लागले. थोरले बोलत असताना सुनेने मान खाली घालायची असते. तिने घातली. खाली पट होता. गुरं वाढेपर्यंत तिने उंट ठरवला, चुलीतला विस्तव येईतो तो हलवून कळ दाबलीसुद्धा. आजोबांचा एक हात अजून कोटाच्या बाहीत होता आणि वेळ त्यांचा चालू झाला होता.

दोनदा असं झाल्यावर त्यांना नस्वायची तल्लफ राहिली नाही. मग ते खरोखर खेळले. आणि खरं सांगायचं तर चांगले खेळले. तिचा वजीर कोंडला तेव्हा मी माझ्या रुमालाचं टोक चावत होते. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत राहिली, घोट्याशी मोजे सुजलेल्या पायांत रुतले होते. मग तिने हत्ती देऊन टाकला, आजोबांनी तो घेतला, आणि तिथेच फसले. राजा त्यांनी स्वतःच्या बोटाने आडवा केला.

“खाली वाक,” ते म्हणाले. ती वाकली. त्यांनी तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं. “आता बसशील की नारिनपर्यंत उभीच जाणार?”

“गाडीत जागा मिळाली तर बसेन.”

संध्याकाळी मी फळीपाशी होते हे वेगळं सांगायला नको. सायराकान गोठ्याच्या दारात उभी होती. सुनेची अदब तर काडीइतकीही सुटली नव्हती.

“नारिनला किती दिवस?” तिने विचारलं.

“चार. आणि तिथे जिंकले तर पुढेही जाणार आहे, अपा. हरले तरी रविवारचं खेळणं सोडणार नाही. आज सांगून ठेवते, म्हणजे रोज सांगायला नको.”

“आणि गाय? माझ्या गुडघ्यांनी मी खाली बसू?”

अनारकुलने कुंपणाकडे पाहिलं. नेमकं माझ्या डोळ्यात. “एजे रोज इथेच असतात. त्यांनाच विचारते.”

नाही म्हणायला तोंड होतं का मला? सायराकानची गाय लाथ मारते, शेपटी तोंडावर फटकावते, आणि धार काढताना सायराकान बाजूला उभी राहून चुका काढते. आज तिसरा दिवस.