टीव्हीवरचं ओलं फडकं

वादविवाद स्पर्धेचा एक नियम बाहेरच्या माणसाला नेहमी विचित्र वाटतो. कॉलेजकडून दोघांची जोडी जाते. त्यातला एक ठरावाच्या बाजूने बोलतो, दुसरा विरुद्ध. म्हणजे जिच्या डब्यातली पोळी खात एसटीने आलात, तिचेच मुद्दे स्टेजवर खोडून काढायचे. मग दोघींचे गुण एकत्र होतात आणि त्यावर फिरती ढाल कोणाला ते ठरतं. जिला पाडायचं, तिच्याशिवाय जिंकता येत नाही.

नव्वदीच्या मध्यावर, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, मी आणि माझी जोडीदार अशा जळगावहून धुळ्याला गेलो होतो. त्या वर्षीचा ठराव होता, परदेशी कार्टून मालिकेतलं कुटुंब आपल्या कुटुंबसंस्थेला मारक आहे. मालिकेचं नाव पत्रकात नव्हतं, पण ती कुठली हे सगळ्यांना ठाऊक होतं. केबल येऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि तो ढेरपोट्या, आळशी, धांदरट बाप, त्याची सोशिक बायको आणि तोंडाळ पोरं घराघरात शिरली होती. त्यांच्या देशात म्हणे ती मालिका वर्षानुवर्षं चालली होती आणि थांबायचं नाव घेत नव्हती. आमच्या मॅडमनी चिठ्ठ्या टाकल्या. तिला आली ठरावाची बाजू, मला विरोध. सगळंच उलटं. ती त्या मालिकेवर जीव टाकायची, आणि मला तो सगळा चक्रमपणा वाटायचा. आमच्याकडे केबल नव्हती, हेही एक कारण असेल. कोल्ह्याला द्राक्षं आंबट.

तिच्यासाठी ही ढाल म्हणजे कपाटात ठेवायची वस्तू नव्हती. तिला पुण्याला जाऊन वकिली शिकायची होती. तिचे वडील, त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, एका हायस्कुलात मुख्याध्यापक होते. मोठे शिस्तीचे, शब्दाचे पक्के. ते म्हणाले होते, ढाल आण, मग पुण्याचं बघू. नाहीतर उन्हाळ्यात भडगावकडचं एक स्थळ होतंच. हे तिने मला सांगितलं तेव्हा मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, ढाल आपलीच. मी अशी शपथा घेणारी मुलगी होते.

तयारीसाठी मी तिच्या घरी मालिका बघायला जाऊ लागले. दुपारी साडेचारला लागायची. तीन माणसं बघायची: ती, मी आणि तिची आई. काकूंचं शिक्षण चौथीपर्यंतचं, बोलणं माहेरचं अहिराणी, आणि मालिका सगळी इंग्रजीत. तरी आमच्या दोघींच्या आधी त्याच हसायच्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, आवाज न करता. आवाज न करायचं कारण मला दुसऱ्या दिवशी कळलं.

मालिका अर्ध्यावर असताना काकूंनी मान वर केली. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यांना कोपऱ्यावरची स्कूटर ऐकू आली होती. पुढचं मी पाहतच राहिले. एकीने टीव्ही बंद केला, दुसरीने मोरीतून घट्ट पिळलेलं ओलं फडकं आणून टीव्हीच्या डोक्यावर पसरलं, टेबलफॅन वळवून त्यावर सोडला. मग फडकं उचललं, कोरड्या पदराने टीव्ही पुसला, भरतकामाचं कव्हर चढलं, पंखा परत जागेवर गेला. माझ्या जोडीदाराच्या मांडीवर पुस्तक आलं. आबा आत आले, चपला सरळ लावल्या, मला अभ्यास कसा चाललाय ते विचारलं आणि जाता जाता कव्हराखाली हात घालून टीव्हीवर तळवा टेकवला. जसा आपण तापल्या पोराच्या कपाळावर टेकवतो तसा. मग आत गेले. केबल त्यांनी बातम्यांसाठी घेतली होती आणि सातच्या आत टीव्ही लावायचा नाही असा घरचा नियम होता.

ते कधी हात उगारत नसत. ओरडतही नसत. टीव्ही गरम लागला तर काय होतं, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, बोलणं बंद होतं. एकदा अठरा दिवस बंद होतं. आईने ताट वाढायचं, त्यांनी जेवायचं, आणि घरात भांड्यांचा आवाज. तेव्हापासून आईने हे फडक्याचं काढलं. कोणाला सांगू नको हं, असं ती म्हणाली. मी म्हटलं, वेडी का तू.

त्या पंधरा दिवसांत आम्ही त्या मालिकेवर इतकं भांडलो की घसा बसला. ती म्हणायची, अगं, तो बाप दर वेळी तीच चूक करतो, पुढच्या वेळी सगळे विसरतात, म्हणजे कोणी काही शिकतच नाही, आणि न शिकणारं घर कसलं. हा तिच्या बाजूचा मुद्दा, आबांनी तपासून दिलेला. मी म्हणायचे, दर वेळी पाटी कोरी होते, यालाच तर माफी म्हणतात. ती म्हणायची, पोरं इतक्या वर्षांत मोठी होत नाहीत, हे खोटं आहे. यावर एकदा काकू तूर निवडता निवडता मध्येच बोलल्या.

"पोरे मोठा व्हयनात का निंघी जातस. ह्या जातसच नहीत. चांगलं शे."

ही पोरं कधी घर सोडून जातच नाहीत, यावर आम्ही दोघी हसलो. मग मी त्यांना विचारलं, तो येडपट बाप तुम्हाला का आवडतो. त्यांनी तुरीतला खडा बाजूला टाकला.

"तो येडा शे. पन तो घर मा उना का कोनी उठस नही."

मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

धुळ्याचा हॉल गच्च भरला होता. धुळ्याचं पब्लिक कडक, आवडलं नाही तर पाय घासतं. आम्ही स्टेजवर बसलो आणि माझ्या जोडीदाराने माझ्या मनगटावर बोटं रोवली. तिसऱ्या ओळीत आबा बसले होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. काही कामासाठी ओळखीच्या माणसाच्या जीपमधून आले होते आणि न सांगता ऐकायला येऊन बसले होते. मी तिला म्हटलं, बरंच झालं, त्यांच्या डोळ्यांदेखत ढाल घेऊ.

ती आधी बोलली. खोटं कशाला सांगू, सुंदर बोलली. ज्या घरात बापाचं हसं होतं त्या घराचा खांब पोकळ होतो, असं म्हणाली. धाक हा प्रेमाचाच दुसरा हात आहे, असं म्हणाली. ते वाक्य आबांचं होतं, मला माहीत होतं, कारण ते म्हणताना तिची नजर समोरच्या भिंतीवर गेली. टाळ्या पडल्या. तिसऱ्या ओळीत आबांनी सावकाश मान हलवली, गणित बरोबर आल्यासारखी. आणि माझ्या मस्तकात तिडीक गेली.

माझा राग काही साधा नव्हता. त्यात तिची कीव होती, काकूंची माया होती, आणि तिचं भाषण माझ्यापेक्षा सरस झालं याची पोटदुखीसुद्धा होती. एवढ्या वर्षांनी हे कबूल करायला हरकत नाही. तेव्हा मी सगळ्याला मिळून सत्य असं नाव दिलं होतं.

माझं भाषण पडायला लागलं. विनोदाची गरज, समाजाचा आरसा, असले मुद्दे मी फेकत होते आणि मागून पाय घासल्याचा आवाज येत होता. गुण एकत्र होणार होते. मी पडले तर ढाल गेली, ढाल गेली तर पुणं गेलं. चौथ्या मिनिटाची बेल वाजली. एक मिनिट उरलं. मी वही मिटली.

"मी एक घर पाहिलंय," मी म्हणाले. "तिथे बाप घरी आला की टीव्हीवर हात ठेवून बघतो, गरम आहे का. आणि त्या घरातली आई त्याच्याआधी टीव्हीवर ओलं फडकं ठेवते."

पाय थांबले. हॉलमध्ये पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. आता मला थांबवणं मलाही शक्य नव्हतं. पिळलेलं फडकं, वळवलेला पंखा, पदराने पुसणं, मांडीवरचं पुस्तक, मी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, मला विचारलंत तर त्या आईने या मालिकेचं परीक्षण एका वाक्यात केलंय. तो वेडा आहे, पण तो घरात आला की कोणी उठत नाही. मग आता तुम्हीच सांगा, कुटुंबाला मारक कोण.

शेवटची बेल टाळ्यांत बुडाली. लोक उभे राहिले. मी कोणाचंही नाव घेतलं नव्हतं, आणि नाव न घेणं म्हणजे गुपित राखणं, असं मी स्वतःला बोलता बोलताच पटवलं होतं. मी वळून जोडीदाराकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून ती तिसऱ्या ओळीकडे बघत होती. तिथे आबा टाळ्या वाजवत होते. सगळ्यांइतक्याच, ना कमी ना जास्त.

ढाल आम्हाला मिळाली. परीक्षकांनी माझ्या शेवटच्या मिनिटाचा वेगळा उल्लेख केला. फोटोसाठी आम्ही दोघींनी ढाल दोन बाजूंनी धरली आणि मॅडमनी आबांनाही आग्रहाने शेजारी उभं केलं. फोटो झाल्यावर ते माझ्याकडे वळले.

"छान बोललीस," ते म्हणाले. "निरीक्षण चांगलं आहे तुझं."

मग मुलीला म्हणाले, जीपमध्ये बस. ती पिशवी घ्यायला माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती इतक्या हळू बोलली की मला तिच्या ओठांकडे बघावं लागलं.

"आईला काय सांगू आता?"

परतीच्या एसटीत पारोळ्यापर्यंत ढाल माझ्या मांडीवर होती. मॅडम शेंगा सोलून माझ्या हातावर ठेवत होत्या आणि मी त्या पिशवीत टाकत होते.

नंतर ती कॉलेजात माझ्याशी बोलली नाही. भांडलीही नाही, फक्त मी बसायचे त्या बाकावर बसणं तिने सोडलं. तिच्या घरी काय झालं असेल याचे मी रोज नवे तर्क करायचे. जायची हिंमत होत नव्हती. शेवटी परीक्षा झाल्यावर, जूनमध्ये, कॉलेजात कळलं की ती पुण्याला गेली. आबांनी स्वतः नेऊन पोचवलं, वसतिगृहाचे सोपस्कार केले. शब्दाचा पक्का माणूस. मला इतकं हलकं वाटलं की मी त्याच दुपारी सायकल काढून तिच्या घरी गेले. वाटलं, काकूंना पेढे मागू, आणि चुकलंच काही तर तेही पोटात घालतील.

काकूंनी दार उघडलं. आत घेतलं, पाणी दिलं. साडेचार वाजले होते. टीव्ही जागेवर होता, कव्हर घातलेला. खिडकीतून आत येणारी केबलची वायर मात्र नव्हती. भिंतीला तिचं भोक तेवढं होतं, आणि त्यात कागदाचा बोळा कोंबलेला. मी पोरीचं विचारलं. पत्र येतं म्हणाल्या, आबा वाचून दाखवतात. घरात एकाही बाजूने काही आवाज येत नव्हता.

मी विचारलं, आबा तुमच्याशी बोलतात ना. पत्र वाचतात, एवढंच पुन्हा म्हणाल्या. धुळ्याला जाऊन सहा महिने होत आले होते.

मग मी रडायला लागले. म्हणाले की काकू, मी खोटं एक अक्षर बोलले नाही, आणि तिच्यासाठीच बोलले, ढाल मिळाली म्हणून तर ती गेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मालिकेत काही कळलं नाही की बघायच्या तशा.

"बठ्ठं खरं बोलनी तू, माय," त्या म्हणाल्या. "पन ते फडकं मनं व्हतं."

सगळं खरं, पण फडकं त्यांचं. मी त्यांच्याच घरातून उचललं, त्यांचंच वाक्य, त्यांचंच फडकं, आणि त्यावर बक्षीस घेतलं. त्या मालिकेच्या बाजूने त्या हॉलमध्ये जे काही बोलण्यासारखं बोललं गेलं, ते सगळं चौथी शिकलेल्या एका बाईचं होतं आणि तिला कोणी विचारलं नव्हतं.

कोपऱ्यावर स्कूटर वाजली. या वेळी मलाही ऐकू आली. मी धडपडत उठले, चपला शोधायला लागले. काकू मात्र बसूनच राहिल्या. त्यांना आता बंद करायला काही उरलं नव्हतं.