देश नाही, कोकण

दत्ताराम गेल्याचं मला इब्राहिमने कळवलं. फोनवर एवढंच म्हणाला, “बाबू, दत्ता खलास...” आखातातल्या अस्करच्या कामगार-कॅम्पात त्या दोघांनी सात वर्षं एका खोलीत काढली. दत्ताराम वेल्डर, संगमेश्वरकडचा, माझ्या मावशीच्या गावचा, इब्राहिम येमेनचा. दुपारच्या शिफ्टला निघताना बूट घालता घालता दत्ताराम बसल्या जागी कलंडला. आमचं बोलणं बंद होऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. सहा आठवड्यांनी हे लिहितोय, कारण दोष माझा होता आणि तो मी त्याच्यासमोर कबूल केला नाही.

मनाम्यात आमची समिती दरवर्षी निरनिराळ्या देशांच्या कामगारांची गाण्याची स्पर्धा घेते. एका देशाचा एकच गायक. मी चिटणीस. दत्तारामचा गळा गावच्या जाखडीच्या नाचगाण्यांत तयार झालेला, म्हणून मीच त्याला आग्रहाने फॉर्म भरायला बसवलं. “कंट्री म्हंजे?” त्याने विचारलं. “देश,” मी म्हणालो. पठ्ठ्याने शांतपणे लिहिलं : देश नाही, कोकण. आपण घाटावरचे नव्हे, हे त्याला स्पष्ट करायचं होतं. हसून हसून माझी मुरकुंडी वळली. मग मी ते खोडून वर इंडिया लिहिलं.

इब्राहिमनेही फॉर्म भरला होता. बैठकीत त्यावरून जुंपली. येमेनमध्ये लढाई, तिथलं खरं सरकार कुठलं, स्टेजवर झेंडा कोणाचा लावायचा... नसती बिलामत कशाला? अखेर येमेनला वगळायचं ठरलं. मला ते पटलं नव्हतं. तरी हात वर केला. सगळ्यांनी केला म्हणून केला, दुसरं कारण नाही.

दुसऱ्या दिवशी दत्ताराम माझ्या ऑफिसात आला. “लढाय काय त्यानं लावलीन? माजा देश चुकला, तो तू सुधारलास. त्याचा बरोबर व्हता, तो खोडलास.”

स्पर्धेत आपली पाळी आल्यावर त्याने इब्राहिमला हाताला धरून स्टेजवर आणलं आणि माइक त्याच्या हातात दिला. इब्राहिमने पहिली ओळ उचलली... आणि मी साउंडवाल्याला खूण केली. माइक बंद झाला. दत्ताराम माझ्यासमोरून निघून गेला, बघितलंसुद्धा नाही. त्यानंतर तो गायला नाही. खोलीतही नाही, असं इब्राहिम सांगतो.

परवा शोकसभेत समितीने जाहीर केलं, यंदापासून पहिला करंडक दत्तारामच्या नावाचा. सभा संपल्यावर इब्राहिम माझ्याजवळ आला. “बाबू, दत्ता के नाम का है... मैं गा सकता है?”

येमेनला वगळायचा नियम अजून तोच आहे. चिटणीसही मीच.

उद्या त्यावर बैठक आहे. दत्तारामचा फॉर्म खणातून काढून खिशात घातलाय. रेघ माझ्याच पेनची, पण तिच्याखालचं ‘कोकण’ अजून स्वच्छ वाचता येतं. या खेपेला हात खाली ठेवीन, असं छातीठोकपणे लिहवत नाही. मी मला ओळखतो.